भांड्यांवरचं नेलपॉलिश

आमच्या घरी नेलपॉलिश ही नखांना लावायची वस्तू नव्हती. बाटली आरशाजवळ नसायची; स्वयंपाकघरातल्या फळीवर, हिंगाच्या डबीला टेकून असायची. संपत आली की आई किराण्याबरोबरच दुसरी मागवायची. "लाल सांग. गडद. आणि स्वस्तातली." दुकानदाराला वाटत असणार, या घरात कुणीतरी फार नटवी बाई आहे. आईची नखं मात्र कायम मुळापासून कापलेली. कणीक मळणाऱ्या बाईनं नखं रंगवली तर रंग पोळीतून पोटात जातो, असं तिचं मत होतं, आणि आईची मतं एकदा झाली की झाली.

घर जळगावात, स्टेशनपासून बरंच आत, एका गल्लीत. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. आई भडगावकडची. अक्का माझी मोठी बहीण आणि मी धाकटी. भाऊ नाही. हे आईला माहीत नसावं अशा थाटात येणारे-जाणारे तिला ते आठवणीनं सांगायचे.

रॉकेलची बाटली आणि गोडेतेलाची बाटली दिसायला एकसारखी होती, म्हणून रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला लाल पट्टा. किल्ल्या सारख्या दिसायच्या, म्हणून कडीच्या कुलपाच्या किल्लीला ठिपका, ट्रंकेच्या किल्लीला दोन. नानांच्या चष्म्याचा बारका स्क्रू सारखा निघायचा. आईनं तो पिळून बसवला आणि वरून एक थेंब सोडला, तो पुन्हा कधी निघाला नाही. शेगडीचं बटण कुठं आलं की बंद, तिथं रेघ. थर्मामीटरवर जिथून ताप सुरू होतो तिथं रेघ, कारण आईला चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत आणि ताप कधीही चष्मा शोधायला वेळ देत नाही. माझ्या शाळेच्या बुटांच्या नाड्यांची टोकं पिंजली की ती पॉलिशमध्ये बुडवून वाळवायची. डासांच्या जाळीला पडलेलं भोक तिनं थेंबाथेंबानं बुजवलं होतं. बादलीच्या बुडाचं भोक बुजवायचाही प्रयत्न झाला. तो फसला, पण आईनं तो फसला असं म्हटलं नाही, बादली तशीच कोपऱ्यात गहू ठेवायला घेतली.

एकदा अक्कानं स्वतःसाठी बिनरंगी नेलपॉलिश आणलं. तेव्हा ती कॉलेजात होती. आईनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "जे दिसतच नाही त्याचा उपयोग काय?" अक्का हसली. अक्काला हसू लगेच यायचं, दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढं ते सांगायची वेळ येणार नाही.

पण पॉलिशचा खरा उपयोग भांड्यांना. आमच्या गल्लीत भांडी एका घरात राहत नसत. कुणाकडे कढी झाली की वाटी चार घरं फिरायची. उन्हाळ्यात बिबड्या करायच्या, ज्वारीचं पीठ भिजवून-शिजवून त्याचे पापड घालायचे, तर सगळ्या गल्लीची पातेली, पराती, उलथनी एकाच गच्चीवर. संध्याकाळी ज्याचं त्याला कसं द्यायचं? म्हणून प्रत्येक घराचा रंग ठरलेला. आमचा गडद लाल, शेजारच्यांचा गुलाबी. कोपऱ्यावरच्या काकूंकडेही लालच होता, म्हणून त्यांचे दोन ठिपके. रंग कुणी वाटून दिले नव्हते, पण नवीन भाडेकरू आले की बायका त्यांना आधी भाडं नाही, रंग विचारायच्या. ताटाला मागच्या बाजूला, पातेल्याला काठाच्या खाली, विस्तव लागणार नाही अशा जागी. घासून घासून ठिपका झिजायचा. दिवाळीच्या साफसफाईत आई सगळी भांडी पालथी घालून बसायची आणि झिजलेले ठिपके पुन्हा द्यायची. नानांना तिच्याशी बोलायचं असेल तर त्या वेळी बोलायचे नाहीत.

अक्काचं लग्न ठरलं धुळ्याला. घर मोठं, दोन भाऊ, थोरल्याचं लग्न झालेलं. नवरा मुलगा सुरतेला कापडाच्या बाजारात होता. खानदेशातली निम्मी घरं सुरतेवर चालतात, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. अक्कानं धुळ्यात सासू-सासऱ्यांपाशी राहायचं, तो महिन्या-दीड महिन्यानं येईल, पुढं जागा मिळाली की तिला घेऊन जाईल, असं बोलणं झालं. जागेचं काय झालं ते पुढं येईलच.

आंदणाची भांडी आईनं वर्षभर जमवली होती. हंडा, कळशी, पराती, उतरत्या मापाची पातेली, डब्यांची चळत, ताटं, वाट्या, फुलपात्रं. दुकानातच नाव टाकायचं मशीन असे. भांड्यावर सुईनं टिकटिक करत नाव कोरून द्यायचे. आम्ही भांडी उचलायला गेलो त्या दिवशी लाईट गेलेली. दुकानदार म्हणाला, येईल आत्ता. दुपार झाली, आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान टेम्पोत चढणार होतं. मामानं दिलेल्या पेल्यांवर आणि मावशीच्या घंगाळावर त्यांची नावं आधीच टाकून आली होती. आमच्याच भांड्यांवर काही नाही.

यादी करावी असं शेजारचे म्हणाले. नानांना ते पटलं नाही. मुलगी द्यायची आणि वर आंदणाची यादी करून सही घ्यायची म्हणजे लग्नाआधीच केस उभी करण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. नानांना दिवसभर कागदच हाताळायचे असत, म्हणून घरी ते कागदाला हात लावत नसत.

मग आईनं बाटली काढली. मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या आणि आई मागच्या खोलीत गोणपाटावर बसून एकेक भांडं पालथं करत होती. मी भांडं द्यायचं, तिनं ठिपका द्यायचा, मी ते वाळायला ठेवायचं. हळद लावायला आईला बोलावणं आलं तरी ती उठेना. "तिथं तीन चुली पेटतात," ती म्हणाली. "थोरलीची भांडी आहेत, सासूची आहेत. उद्या हिला आपलं पातेलं कुठलं ते कळायला नको?" नव्या स्टीलवर ते ठिपके कुंकवासारखे दिसत होते. अक्का हळदीनं पिवळी झालेली, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, एक ठिपका मलाही लाव म्हणजे मी हरवणार नाही." आई हसली नाही. तिला घाई होती.

पहिल्या वर्षी अक्का सणाला आली तेव्हा बोलणं बदललेलं होतं. 'आहे'च्या जागी 'शे' यायला लागलं होतं, ती 'सगळं' म्हणायच्या ऐवजी 'बठ्ठं' म्हणायची, आणि आम्ही तिला चिडवायचो. नवऱ्याचं विचारलं की म्हणायची, सीझन आहे. मला वाटायचं, कापडाला किती सीझन असतात. दुसऱ्या वर्षीही सीझनच होता. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही.

त्यानंतर कळलं. सुरतेला त्याचं घर होतं, घरात बाई होती, आणि मूल होतं, तेही अक्काच्या लग्नाच्या आधीचं. आम्हाला सांगणारा माणूस धुळ्याच्याच नात्यातला. म्हणजे तिथं ते पहिल्यापासून ठाऊक होतं. नाना कचेरीतून आल्यावर आईनं त्यांना सांगितलं. नाना शर्टाची बटणं काढत होते, ते काढतच राहिले, मग तीच बटणं परत लावली. मी अभ्यास करत होते. मी पान उलटलं. मला काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं, पण ते काही केल्या वाटेना. पुढं पुष्कळ दिवस तसंच राहिलं. जेवण जायचं, झोप लागायची, परीक्षेत मार्कही बरे पडले.

अक्का लगेच आली नाही. सासऱ्यांचं म्हणणं होतं, आम्ही कुठं तुला जा म्हणतोय? राहा. दोन वेळचं खा. तशी ती आणखी वर्षभर राहिली. आईनं निरोपामागून निरोप धाडले, ती म्हणायची, इथलं आवरलं की येते. तिथं काय आवरायचं होतं? ज्या घरात नवरा नाही त्या घरची ती सून, आणि जिथं जन्मली तिथं सणाला यायची पाहुणी. अक्कापुढं सवाल एवढाच होता की ती आता कुठली. तो तिला कुणी विचारला नाही, कारण उत्तर कुणाकडे नव्हतं. आईला मात्र तिच्यापुरतं उत्तर सापडलेलं होतं. फारकत घ्यायची, अक्काला परत आणायची, आणि भांड्यांसकट आणायची. "रिकाम्या हातानं गेली नव्हती, रिकाम्या हातानं येणार नाही," असं ती येईल त्याला सांगायची. भांड्यांचा विषय निघाला की आईच्या चेहऱ्यावर थोडा जीव यायचा. एरवी ती चालती-फिरती होती, एवढंच.

बैठक धुळ्यात त्यांच्याच घरी ठरली. नाना, आई, मामा आणि उचला-उचलीला मी. तोवर मी कॉलेजात गेले होते. त्यांच्याकडून सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, सासूबाई आणि थोरली जाऊ. सुरतेहून कुणी आलं नव्हतं. अक्का चहा घेऊन आली. तिनं आधी आबांना दिला, मग सासूबाईंना, मग आम्हाला. मी कप घेताना तिच्याकडे पाहिलं. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता, कोरा.

फारकतीचं बोलणं सोपं झालं. कुणालाच काही धरून ठेवायचं नव्हतं. मग मामानं आंदणाचा विषय काढला. आबा भांडखोर नव्हते. ते मागच्या पडवीकडे हात करून म्हणाले, "ज्या भांडा तुमना शेतस, त्या वळखी ल्या अन् लई जा." तुमची असतील ती ओळखा आणि घेऊन जा.

पडवीत मांडणीवर, खाली, कोनाड्यात अशी तिन्ही चुलींची भांडी एकत्र लावलेली होती. मामाचे पेले आणि मावशीचं घंगाळ नावावरून लगेच बाजूला निघाले. आईनं पदर खोचला आणि जमिनीवर बसली. पहिलं पातेलं उचललं, फिरवलं, काठाखाली पाहिलं. ठेवलं. दुसरं उचललं. मी तिला भांडी देत होते, लग्नाच्या वेळी दिली तशीच, फक्त आता ती काहीच करत नव्हती, नुसती पाहत होती आणि ठेवत होती. ठिपका कुठंच नव्हता. परात, डबे, ताटं, कळशी, एकावरही नाही.

मामा म्हणाला, झिजले असतील. आई म्हणाली, "झिजतं तेव्हा कड राहते." ती माणसांपेक्षा ठिपके जास्त ओळखायची. तिनं एक ताट उजेडाकडे तिरकं धरलं. जिथं ठिपका हवा तिथं बारीक ओरखड्यांचा एक गोल होता. दुसऱ्या ताटावर तसाच, तिसऱ्यावरही. पातेल्यांच्या काठाखालीही. कुणीतरी बसून, नीट, एकेक ठिपका खरवडून काढला होता.

आई उठून उभी राहिली आणि तिचा आवाज चढला. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. लेकीचं वाटोळं केलंत ते केलंत, वर तिच्या भांड्यांवरच्या खुणा चोरून खरवडल्यात, असं ती बोलली, आणि आणखी बरंच काही बोलली. सासूबाई रडायला लागल्या. थोरली जाऊ पुढं आली, तिनं आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आम्ही हात बी लायेल नही. पोरनी आण." आबांची मान खाली. नाना "जाऊ दे, जाऊ दे" करत होते, कुणाला ते मात्र समजत नव्हतं.

"मी खरवडलं," अक्का म्हणाली.

ती दाराच्या चौकटीत चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं काय केलं ते तिनं सांगितलं, आणि बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरली एकदा हसत म्हणाली होती, "तुनी मायनी खुणा करी धाडेल शेतस. आम्ही काय चोर शेतस का?" टोमणा होता, फार मोठा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर अक्का पडवीत बसली आणि अर्ध्या ब्लेडनं एकेक ठिपका खरवडत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. "म्हटलं, घर हेच आहे. मग खूण कशाला?"

दुसरी कोणी बाई असती तर तिला आईनं गप्प बसवलं असतं. अक्काला काय बोलणार? मग आईचं डोकं पुन्हा चालायला लागलं. ती ताट हातात नाचवत आबांना म्हणाली, "खरवडलेलं आहे ना? मग हीच खूण. जिथं ओरखडा तिथं आमचं भांडं." ते खरंही होतं. आबांनी मान डोलावली. त्यांना बहुधा आम्ही लवकर जायला हवं होतं. मामा गोणपाट उलगडायला लागला.

"राहू द्या," अक्का म्हणाली. मग आमच्याकडे न बघता, त्यांच्या बोलीत, "बठ्ठं याच घरनं शे." सगळं याच घरचं आहे. आईनं तिला विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? अक्का म्हणाली, "ज्या दिवशी खरवडलं त्या दिवशीच देऊन टाकलं, आई. आता परत कसं मागू?"

अक्काची कपड्यांची पिशवी, मामाचे पेले आणि मावशीचं घंगाळ घेऊन आम्ही निघालो. एसटीत अक्का खिडकीशी, मग मी, मग आई. नाना आणि मामा पुढं. पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली, नानांनी शेंगा घेतल्या आणि पुडी मागं पाठवली. ती आमच्या तिघींमधून फिरली आणि कुणीच न उघडता माझ्या मांडीवर राहिली. आई घरी पोचेपर्यंत अक्काशी बोलली नाही. पोचल्यावरही नाही. तिच्या लेखी लेक परत आली होती, पण अर्धीच.

पुढचे महिने कसे गेले हे मला सांगता येत नाही, कारण ते गेले असं जाणवलंच नाही. अक्का सगळ्यात आधी उठायची, झाडायची, पाणी भरायची, भाकरी टाकायची. काही मागायची नाही. जेवताना भाजी वाढू का म्हटलं की "असू दे", आणि नको का म्हटलं तरी "असू दे". आईनं दिलेली साडी नेसायची, आईनं दिलेल्या अंथरुणावर झोपायची. 'तुमचा साबण', 'तुमची चादर' असं म्हणायची. ती ते टोचून म्हणत असती तर बरं झालं असतं, पण टोचण्याएवढा जोरही त्यात नव्हता. गल्लीतल्या बायका विचारायच्या, किती दिवस आहेस? ती म्हणायची, बघू. मला तिची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला तिचा कंटाळा आला होता. गालावरच्या खळ्या कुठं असायच्या तेही आता ओळखू येत नव्हतं.

आई ठिपके देत राहिली. त्या दिवाळीला तिनं घरात आधीच लाल असलेल्या वस्तूही पुन्हा लाल केल्या. कुलपाच्या किल्ल्या, दांडे, डब्यांची झाकणं. अगदी झाडूच्या मुठीलाही. पॉलिशचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास घरभर. ती एका जागी बसायची, बाटली हलवायची, ठिपका द्यायची, फुंकर घालायची. अक्का शेजारी बसून भांडी पुसायची. दोघी बोलायच्या नाहीत. मला कधीकधी वाटायचं, उठून बाटली मोरीत ओतावी. मी उठत नसे.

मामा मात्र कामाला लागला होता. अमळनेरचं एक स्थळ त्याच्या डोक्यात होतं. बिजवर, एक मूल, नोकरी चांगली. अक्कासमोर कुणी बोलत नसे, पण आईनं अक्काचा लग्नातला शालू ऊन दाखवून, घडी बदलून ट्रंकेत ठेवला, 'पुढं-मागं लागेल' म्हणून. 'पुढं-मागं' म्हणजे अमळनेर, हे घरातल्या सगळ्यांना समजत होतं. अक्कालाही. ती 'असू दे' म्हणाली. आता ते नक्की कशाला म्हणाली, हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोयीनं समजून घेतलं.

उन्हाळा लागला होता. दुपारची गल्ली ओस पडलेली, नाना कचेरीत, आई आत कलंडलेली. मी परीक्षेची तयारी करत पडले होते. बाहेरून भांडणाचा आवाज आला. आधी वाटलं शेजारी काहीतरी चाललंय. मग लक्षात आलं की त्यातला एक आवाज अक्काचा आहे.

मी दारात गेले. ओट्यावर बोहारीण बसली होती, जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी. पाटी खाली उतरवलेली, स्टील उन्हात चमकत होतं. तिच्या मांडीवर अक्काचा शालू उलगडलेला. ट्रंकेची किल्ली अक्काच्या कमरेला.

"शालूनी जर काळी पडेल शे, ताई," बोहारीण म्हणत होती. "हे गाळणं घ्या अन् दोन वाट्या घ्या."

"काळी? कुठं काळी, दाखवा," अक्का म्हणाली. "उजेडात धरा. मावशी, मला नवी समजू नका. ते जाड बुडाचं पातेलं द्या."

"ते नही परवडत."

"मग राहू दे. द्या शालू इकडं." आणि तिनं खरंच शालू ओढून घेतला, घडी घालायला लागली. बोहारणीनं तिचा हात धरला. "असं काय करतेस, बस ना." परत बोलणी सुरू झाली. अक्कानं पातेलं उचललं, बुडाला बोटानं टिचकी मारली, कानाजवळ नेऊन ऐकलं, काठ तपासला, एक नापसंत करून परत ठेवलं, दुसरं मागितलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. ती हट्टाला पेटली होती. मी दारात उभी होते आणि मला रडू आलं, एकदम, नाकातोंडातून. इतक्या वर्षांत मला काही वाटलं नव्हतं ते सगळं त्या वेळी एकदम वाटलं, आणि त्याचं कारण म्हणजे माझी बहीण एका बोहारणीशी घासाघीस करत होती.

आई जागी होऊन बाहेर आली. तिला आधी पातेलं दिसलं, मग बोहारणीच्या गाठोड्यात जाणारा शालू. तिचा हात तोंडावर गेला. पण शेजारणी दारं किलकिली करून बघायला लागल्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. बोहारीण पाटी डोक्यावर घेऊन गेली. आई पातेलं घेऊन आत आली, सवयीनं ते पालथं करून पाहिलं. चांगलं होतं, जड होतं, हे तिला कबूल करावंच लागलं. मग ती म्हणाली, "बरं आहे. शालू गेला तर गेला. हे माळ्यावर ठेवते. पुढं-मागं लागेल."

तिनं स्टूल ओढलं. अक्कानं तिच्या हातातून पातेलं घेतलं.

"माळ्यावर नाही. ते माझं आहे," ती म्हणाली. "आणि अमळनेरला नाही म्हणून कळवा मामाला. मी इथंच राहणार आहे."

तिनं पातेलं धुतलं, चहाचं आधण शेगडीवर ठेवलं. आई स्टुलाला धरून उभी होती. मग तिनं स्टूल जागेवर सरकवलं आणि दूध किती शिल्लक आहे ते बघायला गेली. चहाला नव्या भांड्याचा, पॉलिश केलेल्या स्टीलचा वास येत होता. तिघींनी कप संपवले, आणि अक्कानं विचारलं, "अजून कोणाला?"